हप्त्याला सुट्टी

स्प्रिंगफील्डमध्ये सकाळी आठ वाजता
माझ्या टेबलावर दोन आकडे येतात.
तिजोरीत आज किती आहे, हा पहिला. तो लहान असतो.
दुसऱ्यात इतकी शून्यं
की बोट ठेवून मोजावी लागतात,
आणि मध्येच फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून.

मंगळवारी फोन ओटिस पेटीग्रूचा.
पार दक्षिणेला, दोन नद्या मिळतात तिथं
त्याचं अंत्यविधीचं दुकान.
ज्यांचं कुणी नाही त्यांना तो पुरतो
आणि बिल राज्याला पाठवतो.
अकरा जणांचं थकलंय, मिसेस क्रेब्स.
"मेलेले थांबतात हो," तो म्हणतो,
"शवपेट्यांचा कारखाना थांबत नाही."
आवाज कधी चढवत नाही.
चढवला असता तर बरं झालं असतं.

वरच्या मजल्यावर दुरुस्तीची बैठक.
एक म्हणतो, कर वाढवा,
न्हाव्यावर लावा, कुत्री धुणाऱ्यांवर लावा.
दुसरा म्हणतो, वाढवाल तर माणसं नदी ओलांडतील.
माझा भाऊ कधीच ओलांडून गेला.
दर नाताळला आयोवातून
आपल्या घरपट्टीची पावती पाठवतो,
शुभेच्छापत्रासारखी.
तिसरा, सगळ्यांत तरुण, म्हणतो, रोखे काढू.
कर्ज काढून पेन्शनचा खड्डा भरू,
बाजार चढला की वरचे पैसे आपले.
आणि नाही चढला तर?
त्यानं पाण्याचा ग्लास उचलला.
याची टोपी त्याला, त्याची टोपी याला,
टोप्या तेवढ्याच, डोकी वाढत चाललेली.

माझे वडील एक्क्याण्णव वर्षांचे.
तीस वर्षं तुरुंगाच्या किल्ल्या सांभाळल्या,
अजून झोपेत कंबर चाचपतात.
त्यांचं पेन्शन दरवर्षी तीन टक्क्यांनी चढतं, चक्रवाढ.
ते कमी करता येणार नाही,
असं एक वाक्य आहे राज्याच्या घटनेत.
वडिलांनी ते कापून फ्रिजवर लावलंय,
केळ्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
माझी मुलगी थिया दुसरीच्या वर्गाला शिकवते.
ती नोकरीला उशिरा लागली, म्हणून वेगळ्या रांगेत:
कापणार तेवढंच,
मिळणार कमी, तेही उशिरा.
रविवारी दोघं एकाच टेबलाशी.
मी मधोमध बटाटे ठेवते.
पैशाचं कुणी बोलत नाही.

परवा तळघरातून एक जुनी फाइल काढली.
कार्बन कॉपी, जांभळट, कडा कुरतडलेल्या.
"यंदाच्या हप्त्याला सुट्टी देण्यात येत आहे.
पुढील वर्षी भरून काढण्यात येईल."
हप्त्याला सुट्टी!
शाळेला देतात तशी, बर्फ पडला म्हणून.
खाली साहेबांची लफ्फेदार सही
आणि डाव्या कोपऱ्यात, बारीक,
टाइपिस्टची आद्याक्षरं.

माझी.

तेवीस वर्षांची होते. यंत्र नवं होतं, विजेवरचं.
त्या पानावर एकही चूक नाही.
आठवतंय, त्या दुपारी केक कापला होता, लिंबाचा,
कर न वाढवता शिल्लक दाखवली म्हणून.
आडात नव्हतं, तर आम्ही पोहऱ्याला रंग दिला.
मी दोन तुकडे खाल्ले.

जूनमध्ये मी निवृत्त होते.
मग मीही त्या दुसऱ्या आकड्यात,
कुठल्या तरी शून्याच्या पोटात.

आज साडेचारला ओटिसचं बिल
मी गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवलं.
म्हणजे कुणाचं तरी खाली गेलं.
पाहिलं कुणाचं ते:
पिओरियातली दातांची डॉक्टर,
गरिबांच्या मुलांचे दात भरणारी.
तिचा फोन बुधवारी असतो.
ती ओरडते.